पाच रुपयांचा परवाना आणि बोटीवरचं कार्ड

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. खामगावहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांचा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वय २०. मावसभाऊ २३ चा, नुकताच नोकरीला लागलेला. दोघांनी मित्रांसोबत मुंबई–गोवा क्रूझचा प्लॅन केलाय. आई म्हणते, "त्या बोटीवर दारू असते म्हणे. या वयात चालते का?" आणि भाऊ म्हणतो, "समुद्रात कायदा नसतो, माय!"

ताईंनी विचारलंय, खरं कोण बोलतंय? उत्तर थोडं लांब आहे, कारण आधी आपल्या महाराष्ट्राचा कायदा समजून घ्यावा लागेल. आणि तो भल्याभल्यांना माहीत नसतो.

आपल्याकडे दारूचा जो कायदा आहे, त्याचं नावच मुळात दारूबंदी कायदा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. म्हणजे कागदावर आपल्या राज्यात दारूबंदी आहे आणि ज्याला प्यायची आहे त्याने सरकारकडून परवाना घ्यायचा. हा परवाना दुकानदाराचा नाही हं, पिणाऱ्याचा. एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आयुष्यभराचा १००० रुपयांना. आणि तो कशासाठी मिळतो? तर आरोग्य राखण्यासाठी! हसू नका, तशीच भाषा आहे.

आता वय. बिअर आणि वाईनसाठी २१ पूर्ण. व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी २५ पूर्ण. म्हणजे १८ व्या वर्षी तुम्ही आमदार निवडू शकता, गाडीचं लायसन्स काढू शकता. २१ व्या वर्षी मुलगा लग्न करू शकतो. पण स्वतःच्या लग्नाच्या पार्टीत त्याने व्हिस्कीचा ग्लास हातात घेतला तर कायद्याने तो चार वर्षं लहान आहे.

दुसऱ्या राज्यात गेलं की आकडा बदलतो. आपला जळगाव जामोद तालुका ओलांडून मध्य प्रदेशात शिरलं की २१. दिल्लीत २५. हरियाणात २५ होतं, ते अलीकडे २१ वर आणलं. केरळने २०१७ मध्ये २१ चं २३ केलं. राजस्थानात १८. गुजरात आणि बिहारमध्ये बंदी. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे बंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली.

म्हणजे एकाच देशातला, एकाच वयाचा पोरगा रेल्वेत बसून चार राज्यं फिरला, तर तो चार वेळा सज्ञान आणि अज्ञान होतो.

आता बोटीकडे येऊ. "समुद्रात कायदा नसतो" हे अर्धवट ऐकलेलं आहे. बोट मुंबईच्या धक्क्याला बांधलेली असते तेव्हा ती मुंबईतच असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, भारताची प्रादेशिक हद्द आहे. मुंबई–गोवा बोट तर भारताच्याच एका बंदरातून निघून भारताच्याच दुसऱ्या बंदरात जाते. २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत एका क्रूझवर एनसीबीची धाड पडली होती, आठवतं का? ती केस अमली पदार्थांची होती, दारूची नव्हती. एका नटाचा २३ वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांहून जास्त आत राहिला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रात आलंच नाही. मी ती इथे एवढ्यासाठीच सांगतोय, की बोटीवर सरकारचा हात पोचतो का, हा प्रश्न त्या दिवशी निकाली निघाला.

खोल समुद्रात गेल्यावर काय? तिथे बोटीवर ज्या देशाचा झेंडा असतो त्या देशाचा कायदा चालतो. आणि त्याच्या जोडीला कंपनीची अट असते, जी तुम्ही तिकीट काढताना 'मान्य' वर टिक करून स्वीकारलेली असते. बहुतेक वेळा ही अटच जास्त कडक असते. उदाहरण देतो. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर बहामाचा झेंडा आहे. बहामात दारूचं वय १८. पण हीच कंपनी अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीवर २१ लावते, कारण अमेरिकेत १९८४ पासून सगळीकडे २१ चा आग्रह आहे. आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर तीच कंपनी १८ लावते. बोट तशीच, बार तसाच, नियम मात्र सुटण्याच्या बंदराप्रमाणे.

इथे अजून एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. पिण्याचं वय आणि प्रवासाचं वय वेगळं असतं. अमेरिकेत एमएस करणारे आपल्याकडचे बरेच जण सुट्टीत मायामीहून क्रूझ करतात. तिथे कार्निव्हलचा नियम असा, की २१ पेक्षा लहान प्रवाशासोबत किमान २५ वर्षांचा माणूस असला पाहिजे. म्हणजे २०, २२ आणि २३ वर्षांचे तीन मित्र, एकानेही थेंब घेणार नाही असं ठरवलं, तरी अडकतात. २० वर्षांच्या मित्राला बोटीवर घेणार नाहीत. वय धरतात ते बोट सुटण्याच्या तारखेचं, बुकिंगच्या तारखेचं नाही. आणि अशा वेळी पैसे परत मागायला गेलं की अटींचं पान पुढे येतं.

आता बोटीवर नियम पाळला कसा जातो, हे मला माझ्या कामामुळे जास्त आवडतं. चढताना तुमचं ओळखपत्र बघतात, फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच पैशाचं पाकीट. बारमध्ये रोख चालत नाही, कार्ड लावावं लागतं. कार्ड लावलं की बारवाल्याच्या स्क्रीनवर फोटो आणि वय येतं. तुमची दाढी किती आली आहे, आवाज किती जाड आहे, ओळख कोणाची आहे, याचा काही उपयोग नाही. मोठ्या मित्राने आपल्या कार्डावर घेऊन लहान मित्राला दिली तर दोघंही नियम मोडणारे ठरतात, आणि पुढच्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कंपन्या राखून ठेवतात. गोव्यात उतरवलं तर ट्रॅव्हल्सने घरी येता येईल. सिंगापूरच्या ट्रिपमध्ये मधल्याच देशात उतरवलं तर तिकीट आणि मुक्कामाचा खर्च आपल्या खिशातून.

गोव्यात तर याचं अगदी जवळचं उदाहरण आहे. पणजीला मांडवीत ज्या कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, तिथे २१ च्या खाली प्रवेश नाही, आणि ओळखपत्र दारातच बघतात.

आता आपलं दुकान आठवा. बुलढाणा, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठलंही. गेल्या दहा वर्षांत तुम्हाला कोणी वय विचारलं? परवाना विचारला? तो ५ रुपयांचा कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिला तरी आहे का? माझ्या ओळखीच्या कोणीच पाहिलेला नाही. कायदा देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक, आणि काउंटरवर कोणी काही विचारत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फॉर्मवर 'जन्मतारीख अनिवार्य' लिहिलंय, पण काहीही टाका, सबमिट होतं.

हे आता हसण्यावारी जातंय, पण याची किंमत मोजली गेली आहे. १९ मे २०२४ ची पहाट, पुण्यातलं कल्याणीनगर. १७ वर्षांचा मुलगा पबमधून निघून पोर्शे चालवत होता. दुचाकीवरचे दोघं गेले. दोघंही मध्य प्रदेशातले, दोघंही २४ वर्षांचे, दोघंही माझ्यासारखेच आयटीतले. त्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर देश चिडला. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त टोचतो. २५ चा नियम असलेल्या राज्यात १७ वर्षांच्या मुलासमोर ग्लास ठेवताना टेबलावर कोणीच का विचारलं नाही, की बाबा, तुझं वय किती? अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. कलमं भरपूर आहेत. विचारणारा माणूस नव्हता.

मग काय करायचं? माझं मत सांगतो, तुम्ही भांडू शकता. सगळ्या प्रकारच्या दारूला एकच वय ठेवा, २१. पण ते खरोखर तपासा, दर वेळी, दर काउंटरवर. २५ चा आकडा इतका लांबचा आहे की तो कोणीच मनावर घेत नाही, दुकानदारही नाही आणि पोलीसही नाही. आणि जो नियम रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडतो, त्याच्यामुळे आपले पोट्टे एकच शिकतात, की नियम म्हणजे नुसता बोर्ड.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती वजनदार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये बायकांशी हे बोलून बघा. गावातलं दुकान बंद करायला त्यांना काय काय करावं लागतं! आधी २५ टक्के महिलांच्या सह्यांचं निवेदन, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आडवी बाटली की उभी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या'ला पडली तरच दुकान बंद. आलेल्यांपैकी निम्मी नाही हं, यादीतल्या एकूण महिलांपैकी. मजुरीला बाहेरगावी गेलेली बाई मत द्यायला आली नाही, तर ती 'आडव्या'च्या विरोधातच मोजल्यासारखी होते. एवढं सोसलेल्या बाईला मी जाऊन सांगितलं, "मावशी, वय २५ वरून २१ करू", तर ती मला दारात उभं करणार नाही. तिला कागदावरचं का होईना, २५ हवं आहे. मला ते समजतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की तिच्या पोराला १६ व्या वर्षी बाटली देणाऱ्या काउंटरला त्या २५ ने एकदाही अडवलेलं नाही. अडवायचं असेल तर तिथे बोटीसारखं काहीतरी लागेल. ओळखपत्र दाखवल्याशिवाय बिलच निघू नये, असं.

आता ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. २० वर्षांच्या भावाला महाराष्ट्राच्या कायद्याने बिअरसुद्धा चालत नाही. २३ च्या मावसभावाला परवान्यासह बिअर–वाईन चालते, कडक दारू नाही. प्रवास दोघं करू शकतात का, हे कंपनीच्या अटींवर आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी ईमेलवर तीन प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्या. एक, मोठ्या माणसाशिवाय प्रवासाचं किमान वय किती? दोन, बिअर आणि कडक दारूचं वय वेगवेगळं आहे का? तीन, वयामुळे परत पाठवलं तर पैशाचं काय? एजंटने फोनवर "काही होत नाही हो" म्हटलं, तर ते उत्तर समजू नका. बोट लक्षद्वीपला जाणार असेल तर हेही लक्षात ठेवा, की बंगाराम बेट सोडलं तर तिथे दारूबंदी आहे.

आणि राजेहो, एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोबाईलवर आधार कार्डावरची जन्मतारीख 'एडिट' करून द्यायचा धंदा करू नका, आणि मित्राला करूही देऊ नका. आधारच्या क्यूआर कोडमध्ये तुमची जन्मतारीख आणि फोटो सरकारच्या डिजिटल सहीसकट असतो. वर छापलेला आकडा बदलला तरी कोड स्कॅन केला की खरी तारीख बाहेर येते. सही गणिताने बांधलेली असते, ती फोटो एडिट करून तुटत नाही. एका बिअरसाठी सरकारी ओळखपत्रात खाडाखोड म्हणजे फौजदारी गुन्हा, आणि वयाच्या विसाव्या वर्षी तो नावावर घेऊन पुढे नोकरीची पडताळणी, पासपोर्ट, व्हिसा या सगळ्या रांगांत उभं राहायचं.

आपल्या आजोबांच्या पिढीत गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिली आणि ते निभावलं, कारण वय कोणी विचारतच नव्हतं. आता विचारणारी यंत्रं आली आहेत, आधी बोटीवर आणि विमानतळावर, उद्या चिखलीच्या काउंटरवरही येतील. ती यावीत अशी माझी इच्छा आहे. तुमचं काय म्हणणं आहे? विशेषतः ज्यांच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालंय, त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात ते ऐकवतो. तोवर काळजी घ्या, भेटूच.