एका मातेची साक्ष

श्रोतेहो, १९९४ सालीं रुवांडांत वंशसंहार झाला, तेव्हां ताबा विभागाचा प्रमुख झां-पॉल अकायेसू हा पूर्वीं शिक्षक होता. माझाहि व्यवसाय तोच. म्हणून मान खालीं जाते. १९९७ मध्यें अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढें त्याचा खटला सुरू झाला, तेव्हां आरोपपत्रांत बलात्काराचा उल्लेखहि नव्हता. परंतु साक्ष देतांना एका मातेनें आपल्या सहा वर्षांच्या कन्येवरील अत्याचार सांगितला. खंडपीठावर नवनीतम पिल्ले ही एकच स्त्री होती. न्यायाधीशांनीं पुढें प्रश्न विचारले, आणखी स्त्रिया बोलल्या, आरोपपत्र बदललें. २ सप्टेंबर १९९८ रोजीं निर्णय झाला कीं, वंशनाशाच्या हेतूनें केलेला बलात्कार हाहि वंशसंहारच होय. अकायेसूस जन्मठेप झाली. श्रोतेहो, लज्जा अपराध्याची असते, पीडितेची नव्हे. तिला बोलूं द्या आणि ऐका. न्यायाचा आरंभ तेथेंच होतो.