अवयवांचे रक्षण : प्रयोगशाळा, यंत्रमाग आणि आपण

(आरोग्य शिबिराच्या समारोपप्रसंगी भिवंडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक आहे. आपले शरीर कसे चालते, ते विद्यार्थ्यांना शिकवणे हा माझा व्यवसाय. पण आज या सभागृहात मी प्रथम एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा म्हणून उभा आहे. माझे वडील मुरबाड तालुक्यातून भिवंडीला आले आणि त्यांनी सव्वीस वर्षे माग चालवला. आम्हा भावंडांना ते नेहमी सांगत, "राबून राबून अंग घट्ट होतं. मोडत नाही." त्यांचे हे वाक्य खरे की खोटे, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विज्ञानाने या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे, आणि ते ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल.

वडील पहिल्या अर्थाने खरे बोलत होते. सन 1986 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर या संशोधकांनी कुत्र्यांच्या हृदयावर एक प्रयोग केला. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी चाळीस मिनिटे बंद ठेवली तर त्या भागातील स्नायूंचा बराचसा भाग मरतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी काही कुत्र्यांत आधी वेगळेच केले. पाच मिनिटे धमनी बंद, पाच मिनिटे उघडी, असे चार वेळा. त्यानंतर चाळीस मिनिटांचा मोठा अडथळा. आता कोणालाही वाटेल की, आधीच चार तडाखे खाल्लेले हृदय जास्त मरेल. झाले उलटे! ज्यांना आधी छोटे तडाखे दिले नव्हते, त्यांच्या तुलनेत या हृदयांतील मृत भाग सुमारे एक चतुर्थांशच भरला.

म्हणजे थोडा ताण सोसलेली पेशी मोठ्या ताणासाठी सावध होते. रक्त थांबताच पेशीतून अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. ते जणू शेजारच्यांना वर्दी देते की, संकट येत आहे, इंधन जपून वापरा. पेशी आपला खर्च कमी करते आणि त्यामुळे अधिक वेळ तग धरते.

परंतु बंधूंनो, याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. त्याच संशोधकांनी काही कुत्र्यांत मोठा अडथळा चाळीस मिनिटांऐवजी तीन तास ठेवला. तेव्हा आधीच्या छोट्या तडाख्यांचा काहीही उपयोग झाला नाही. दोन्ही गटांचे नुकसान सारखेच झाले. सावध झालेल्या पेशीला मुदत मिळते, अभयदान मिळत नाही. शिवाय ही सावधगिरी एक-दोन तासांतच ओसरते. साधारण एका दिवसाने ती सौम्य रूपात पुन्हा येते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा जाते.

आणि त्या चार तडाख्यांच्या मध्ये काय होते ते विसरू नका. पाच मिनिटांची विश्रांती होती! धमनी उघडी होती, रक्त वाहत होते. तडाखा मोजलेला होता आणि विसावाही मोजलेला होता. आमच्या वडिलांची पाळी बारा तासांची होती. तिच्यात विसावा कोणी मोजला होता?

कानाचेही असेच आहे. सन 1988 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी गिनीपिगांवर दाखवले की, काही दिवस मध्यम आवाज ऐकवलेला कान पुढच्या मोठ्या आवाजाने कमी बिघडतो. हे ऐकून कोणी म्हणेल, मग मागावरच्या माणसाचा कान सरावतोच! नाही. तो आवाज मध्यम होता. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाज 100 वर गेला तर फक्त दोन तासांची. धोट्याच्या मागांची शेड 90 ची मर्यादा सहज ओलांडते. कानाच्या आतल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कामगार म्हणतो, "आता खडखडाट टोचत नाही, सवय झाली." ती सवय नसते. तो कान गेलेला असतो. माझे वडील घरी आम्हाला हाका मारत ते ओरडून, आणि आम्हाला वाटे की ते रागावले आहेत. खरी गोष्ट मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर कळली.

आता महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो, कारण अवयव वाचवण्याचे संशोधन परदेशातच होते असा आपला समज असतो. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत. डॉक्टर बावस्करांनी खाटेशेजारी रात्र-रात्र बसून पाहिले की, रुग्णाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि मग फुफ्फुसात पाणी भरून तो जातो. विषामुळे शरीरातील ताणाची संप्रेरके एकदम रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, आणि हृदय त्या भाराखाली थकते. हे निरीक्षण 1982 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरले. त्याने आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. जिथे शंभरांतील तीस-चाळीस रुग्ण जात, तिथे एखाद-दुसराच जाऊ लागला. सन 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही वाटा आहे.

यातून घ्यायचा धडा असा की, पुष्कळदा अवयव मरतो तो मूळ घावाने नव्हे, तर त्या घावाला शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादाने. तो प्रतिसाद वेळीच आवरला तर अवयव वाचतो. आणि हे शोधायला मोठी इमारत लागत नाही. नीट पाहणारे डोळे आणि नीट लिहून ठेवणारा हात लागतो.

आता एक कठीण प्रश्न. शिबिरात एका भगिनीने मला विचारले, "साहेब, आपण प्राणिमात्रांना इजा न करण्याचे शील घेतो. मग कुत्र्यांची हृदये मारून मिळवलेले ज्ञान आपण कसे घ्यायचे?" हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी भारतातील पहिले हृदयरोपण केले, त्याआधी त्यांच्या पथकाने वर्षानुवर्षे कुत्र्यांवर सराव केला होता. तो रुग्ण काही तासांतच गेला. तरीही पुढच्या वाटचालीचा पाया तिथे पडला. मी माझे उत्तर प्रामाणिकपणे देतो. वेदना आपण शून्य करू शकलो नाही, पण कमी करणे आपल्या हाती आहे. सन 1959 मध्ये रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली : जिथे पर्याय आहे तिथे प्राणी वापरू नका, वापरायचे तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना होणारा त्रास कमीत कमी करा. आपल्या देशात 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि 1998 पासून प्रयोगांसाठी स्वतंत्र नियम आहेत. करुणा म्हणजे प्रश्न विचारणे थांबवणे नव्हे. विद्यार्थ्याने प्रत्येक प्रयोगाआधी विचारावे, "याची खरेच गरज आहे का?" तोच प्रश्न भगिनीने मला विचारला, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

आणि विज्ञानाची सचोटी पाहा. कुत्र्यांत जे दिसले ते माणसात तसेच उतरले का? रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून, फुगवून-सोडून, दूर असलेले हृदय सावध करता येईल, अशी मोठी आशा होती. सन 2015 मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत, आणि 2019 मध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत, याचा फायदा दिसला नाही. शास्त्रज्ञांनी ते अपयश लपवले नाही, छापले. म्हणून उद्या कोणी दंड बांधून हृदय बळकट करून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

मग सिद्ध झालेले काय उरले? वेळ! झटका आल्यावर हृदयाचा स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरत जातो. रायमर आणि जेनिंग्ज यांनीच हे 1977 मध्ये दाखवले. जितक्या लवकर रक्त पुन्हा सुरू होईल, तितका स्नायू वाचतो.

माझे वडील. एका पहाटे मागावर उभे असताना त्यांच्या छातीत दाटून आले, डावा हात जड झाला, घाम सुटला. मुकादम म्हणाला, गॅस असेल. कोणीतरी सोडा आणून दिला. ताणा तुटला होता, तो जोडल्याशिवाय निघायचे नाही, असे वडिलांनीच ठरवले. पाळी संपवून ते घरी आले, जेवले, निजले. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा आठ तास उलटून गेले होते. ते वाचले, पण हृदयाचा मोठा भाग गेला होता. जिना चढताना ते दोनदा थांबत. चार वर्षांनी ते गेले. "अंग घट्ट होतं" म्हणणाऱ्या माणसाच्या अंगाने त्या पहाटे जेवढी मुदत द्यायची तेवढी दिली होती. ती मुदत आम्ही सोडा पाजण्यात घालवली. मुकादमाला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून मी आज सांगतो. छातीत दाटणे, दंडात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही दिसले तर माग बंद करा, 108 ला फोन लावा. ठाण्याची वाट कशेळी-काल्हेरला किती तुंबते हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून जवळच्या रुग्णालयात आधी हृदयाचा आलेख काढून घ्या, मग पुढे जा. कानात बोळे घाला. मागाच्या मालकाला वर्षातून एकदा कानाची आणि रक्तदाबाची तपासणी मागा. पाळीच्या मध्ये विसावा मागा. तो आळस नव्हे. प्रयोगशाळेने सिद्ध केले आहे की, विसाव्यावाचून पेशीसुद्धा तग धरत नाही.

राबणाऱ्या माणसाचे शरीर हेच त्याचे भांडवल. ते राखणे हा त्याचा हक्क आहे, आणि त्याच्या लेकरांचाही.