लपलेल्या रक्तस्रावाचा शोध



दोन वर्षांचे मूल हसतखेळत असते. पोटदुखी नाही, ताप नाही. तरीही शौचावाटे रक्त जाते आणि चेहरा फिकट पडतो. घरची मंडळी उष्णता किंवा मूळव्याध समजून घरगुती उपाय करतात. चार दिवसांनी रक्त थांबते आणि गोष्ट विसरली जाते. वेदना नसलेला हा रक्तस्रावच अधिक फसवा असतो.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १८०९ मध्ये लहान आतड्यातील एका जन्मजात पिशवीचे वर्णन केले. गर्भाचे आतडे व नाळ यांना जोडणारी नलिका जन्मापूर्वी नाहीशी व्हावयास हवी. तिचा अंश उरला की ही पिशवी बनते. शंभरांपैकी सुमारे दोघांत ती असते. बहुतेकांना तिचा जन्मभर उपद्रव होत नाही. परंतु काहींच्या पिशवीत जठराचे अस्तर असते. ते आम्ल स्रवते, शेजारच्या आतड्यात व्रण पडतो आणि रक्त वाहू लागते. नेहमीची दुर्बीण तेथवर सहसा पोहोचत नाही; साध्या क्ष-किरण चित्रातही ही पिशवी दिसत नाही.

येथे अणुविज्ञान साहाय्यास येते. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा अल्पसा क्षार शिरेतून दिला, की जठराचे अस्तर तो शोषून घेते. त्यातून निघणारे किरण गॅमा कॅमेरा टिपतो. पडद्यावर जठर उजळते. त्याच वेळी बेंबीच्या आसपास दुसरा ठिपका उजळला, तर रक्तस्रावाचे उगमस्थान बहुधा सापडले असे समजावे. मग शल्यचिकित्सक ती पिशवी काढून टाकू शकतात. १९७० च्या सुमारास ही तपासणी वापरात आली.

‘अणू’ हा शब्द ऐकून पालकांनी धास्तावण्याचे कारण नाही. या द्रव्याची किरणोत्सारिता सहा तासांत निम्मी होते आणि चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरते. ते इतके अल्पायुषी असल्याने साठवून ठेवता येत नाही. म्हणून मॉलिब्डेनम-९९ असलेल्या पात्रातून रुग्णालयात ते रोज काढून घेतात. धार काढावी तसे हे काम असल्याने तज्ज्ञ त्या पात्राला गमतीने ‘गाय’ म्हणतात. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने अणुवैद्यकाचा पाया आपल्या राज्यात घातला.

तथापि ही तपासणी सर्वज्ञ नव्हे. पिशवीत जठराचे अस्तर नसेल तर ती चित्रात उजळत नाही. प्रौढांत तर ही तपासणी मुलांइतकी खात्रीची ठरत नाही. चित्र निर्दोष आले तरी डॉक्टरांचा पाठपुरावा सोडू नये. रक्तस्राव मोठा असेल तर कोणत्याही चित्राची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यंत्र शहरात आहे. पहिली खूण मात्र गावातच दिसते. वर्गात वारंवार थकणारे, फिकट मूल शिक्षकांच्या नजरेस आधी पडते. लाजेने दडविलेली गोष्ट अंगणवाडीत किंवा पंचायत सदस्यांच्या कानी येते. अशा मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून तज्ज्ञांकडे पाठविणे, हे या मंडळींच्या हाती आहे. रक्त थांबले म्हणजे रोग थांबला असे नव्हे, एवढे जरी घरोघरी पोहोचले, तरी एखादे मूल वेळेवर वाचेल.