धाप कशामुळं लागते?

कळंबा तलावाच्या काठानं आम्ही काही जण रोज सकाळी फिरतो. सुरुवातीला गप्पा रंगतात. पाय भरभर पडू लागले की आपोआप थांबतात. परवा सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "प्राणवायू कमी पडतोय बघा!" बहुतेकांचा असाच समज असतो. पण मंडळी, गोष्ट वेगळी आहे.

स्नायू साखर आणि चरबी जाळतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू तयार होतो. स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर. भरभर चालताना चार-पाच पेले. आखाड्यात झोंबणाऱ्या मल्लाच्या शरीरात तर दोन-तीन लिटर. फारच जोर केला की स्नायूंत आम्ल तयार होतं आणि रक्तातल्या सोड्यासारख्या क्षाराशी मिळून आणखी कर्बवायू निघतो. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतं, तसंच. हा सगळा वायू बाहेर टाकायला श्वास वाढतो. माफक व्यायामात तर इतका बेतानं वाढतो, की रक्तातलं कर्बवायूचं प्रमाण जवळजवळ हलत नाही. ते जरा चढलं की मेंदू लगेच ओरडतो, हे हाल्डेन आणि प्रिस्टले यांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं. प्राणवायू मात्र बराच घटेपर्यंत मेंदू फारशी तक्रार करत नाही.

हे लहानपणी ठाऊक असतं तर बरं झालं असतं. मळ्यातल्या विहिरीत आमची पैज लागायची, पाण्याखाली जास्त वेळ कोण पोहतो याची. बुडी मारण्याआधी आम्ही दहा-बारा खोल श्वास भराभर घ्यायचो. वाटायचं, छातीत प्राणवायू साठवतोय. पण रक्त आधीच प्राणवायूनं जवळपास भरलेलं असतं. आम्ही फक्त कर्बवायू उधळत होतो, म्हणजे धोक्याची घंटाच काढून ठेवत होतो. मग पाण्याखाली हातपाय मारताना प्राणवायू संपत येतो, घंटा वाजतच नाही, आणि पोहणारा नकळत बेशुद्ध होतो.

माझा आतेभाऊ असाच आवाज न करता तळाला गेला. काकांनी उडी टाकून त्याला वर काढलं, म्हणून वाचला. अजूनही उन्हाळ्यात पोहायला निघालेली पोरं दिसली, की मी हटकतो: बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका, एकटे उतरू नका, श्वास घ्यावासा वाटला की लगेच वर या.

आतेभाऊ शुद्धीवर आल्यावर काकांनी विचारलं होतं, "अरे, जीव गुदमरल्यावर वर का आला नाहीस?"

तो म्हणाला, "गुदमरलोच नव्हतो."