वाचलेले आणि वाचणारे

(आपल्या गटाच्या टोरांटोमधल्या हिवाळी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातला थोडा भाग गाळला आहे.)



बाहेर बर्फ पडत असताना शनिवारची दुपार अशा विषयासाठी दिलीत, त्याबद्दल आधी आभार. मी इतिहासाची अभ्यासक नाही. औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासते. गेली काही वर्षं मी ज्यूंच्या संहारावरची, म्हणजे होलोकॉस्टवरची, पुस्तकं वाचते आहे. त्यातून वाचक म्हणून माझं काय झालं, एवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात सांगलीपासून करते. आमच्या वडिलांच्या कपाटात वि. स. वाळिंब्यांचं ‘हिटलर’ होतं आणि वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ होतं. इथे बऱ्याच जणांच्या माना हलताहेत, म्हणजे तुमच्याही घरी होती. मी ती मे महिन्याच्या सुट्टीत अधाशासारखी वाचली. म्युनिकचं फसलेलं बंड, राइशस्टागची आग, स्टालिनग्राड, शेवटी बर्लिनचा बंकर. पुढे कॉलेजात शायररचा हजार पानांवरचा इंग्रजी ठोकळाही संपवला. कुणी प्रश्नमंजूषा घेतली असती तर पहिला नंबर नक्की. पण मेलेल्या एका ज्यू माणसाचं नाव सांग म्हटलं असतं, तर अ‍ॅन फ्रँकनंतर मी गप्प झाले असते.

मी त्या पुस्तकांना नावं ठेवत नाही. हे लेखक हिटलरचे भक्त नव्हते, भस्मासुर या शब्दातच सगळं आलं. मराठी वाचकाला त्यांनी घरबसल्या जग दाखवलं. पण अशा इतिहासाची मांडणीच अशी असते, की गोष्ट हिटलरच्या मागेमागे चालते. त्याचा उदय, त्याचे डाव, त्याचा अस्त. साठ लाख माणसं एका प्रकरणात मरतात आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा रणगाडे सुरू होतात. चौदा वर्षांच्या मुलीला वाचताना भीती वाटते, पण खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटून जातं. आमच्याकडे जेवताना कुणीतरी म्हणायचंच, ‘काही म्हणा, शिस्त होती.’ आणि आम्ही वरणभात खात ऐकायचो.

इथे आल्यावर पब्लिक लायब्ररीत रुडॉल्फ व्रबाचं ‘आय कॅनॉट फरगिव्ह’ हातात आलं. स्लोव्हाकियातला हा मुलगा जून १९४२ मध्ये ऑशविट्झला पोचला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याला काम मिळालं ते आलेल्या लोकांचं सामान वेगळं करण्याचं. बॅगा, कपडे, चष्मे, लहान मुलांचे बूट, डबाबंद अन्न. या लुटीच्या गोदामांना कैद्यांनी नाव ठेवलं होतं ‘कॅनडा’. कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश, जिथे काही कमी नाही.

हे वाचलं तेव्हा मी मिसिसागाच्या बसमध्ये होते. पुस्तक मिटून बाहेर बघत राहिले. आपणही याच समजुतीने इथे आलो ना? मुंबईहून निघताना आमच्या बॅगांवर माझ्या भावाने पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि पत्ता लिहिला होता. ऑशविट्झच्या संग्रहालयात ज्या बॅगा ठेवल्या आहेत, त्यांच्यावरही पांढऱ्या रंगात नावं आहेत. आपली बॅग आपल्याला परत मिळणार, असं वाटल्याशिवाय कुणी नाव लिहीत नाही. हे मला हिटलरच्या कोणत्याही चरित्राने सांगितलं नव्हतं.

व्रबा पुढे रेल्वेच्या फलाटावर कामाला होता. कोणती गाडी कुठून आली, माणसं साधारण किती, हे तो मनात साठवत गेला. एप्रिल १९४४ मध्ये तो आणि आल्फ्रेड वेट्झलर छावणीच्या बाहेरच्या भागात लाकडाच्या ढिगात तीन रात्री लपले. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये भिजवलेली रशियन तंबाखू आजूबाजूला पसरली होती. ते चालत स्लोव्हाकियात पोचले आणि पाहिलेलं सगळं त्यांनी सांगितलं. त्याचा अहवाल झाला. तरीही मे ते जुलै १९४४ या काळात हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना गाड्यांत भरून नेलं गेलं, बहुतेकांना ऑशविट्झलाच. जूनमध्ये अहवालातली माहिती स्वित्झर्लंडमार्गे बाहेर फुटली, दबाव वाढला आणि जुलैच्या सुरुवातीला हंगेरीच्या हॉर्टी सरकारने गाड्या थांबवल्या. बुडापेस्टमधले ज्यू तेव्हापुरते वाचले. पण गाडीत चढणाऱ्यांना आधी सांगितलं का नाही, हा प्रश्न व्रबाने ज्यू पुढाऱ्यांना आयुष्यभर विचारला. इतिहासकारांचं त्यावर आजही एकमत नाही.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. अहवालात दोन वर्षांतल्या मृतांचा आकडा साडेसतरा लाखांच्या घरात दिला होता. आज संशोधक ऑशविट्झमध्ये मारल्या गेलेल्यांची एकूण संख्या सुमारे ११ लाख मानतात. आमच्याकडे नोंदीत अशी तफावत निघाली तर आख्खी बॅच अडते. मग साक्षीचं काय?

हा प्रश्न याच शहरात कोर्टात विचारला गेला. एर्न्स्ट झुंडेल नावाचा माणूस होलोकॉस्ट झालंच नाही अशी पत्रकं टोरांटोत छापायचा. १९८५ मध्ये त्याच्यावर खटला चालला आणि व्रबाला साक्षीला बोलावलं. तोवर तो व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात औषधशास्त्र शिकवत होता. बचावाच्या वकिलाने त्याच्या पुस्तकातल्या एकेका वाक्यावरून त्याला सोलून काढलं. आपलं पुस्तक म्हणजे कोर्टातला दस्तऐवज नव्हे, हे व्रबाने मान्य केलं. नाकारणाऱ्यांची युक्ती हीच असते: एक आकडा चुकला, म्हणून सगळं खोटं.

पण नोंद तपासणारी मी सांगते, तपासणीची रीत तशी नसते. एक नोंद दुसरीशी ताडून बघतात. ऑशविट्झचा आकडा खाली आणला तो नाकारणाऱ्यांनी नव्हे, गाड्यांच्या याद्या आणि कागदपत्रं ताडून बघणाऱ्या संशोधकांनी. ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने पोलंडमधल्या श्रमछावण्यांवर २०१० मध्ये पुस्तक लिहिलं, ते मुख्यतः २९२ वाचलेल्यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून. माणूस तारीख चुकतो, आकडा चुकतो. फलाटावर त्याचा हात कुणी सोडवला, ते सहसा चुकत नाही.

आणखी एक. मराठीत ‘वाचणं’ हे एकच क्रियापद आहे. जीव वाचतो आणि पुस्तकही वाचतो. प्रीमो लेव्हीनं, हाही रसायनशास्त्रज्ञच, शेवटी शेवटी लिहिलं की आम्ही वाचलेले म्हणजे अपवाद. जे तळाला गेले तेच खरे साक्षीदार, आणि ते परत आले नाहीत. म्हणजे आपल्या हाती येतं ते नेहमी उरलेलं असतं. वाचताना एवढी नम्रता हवी.

या वाचनाने माझी नजर हिटलरवरून हलली आणि मधल्या माणसांवर गेली. गाड्यांचं वेळापत्रक करणारा, याद्या टाइप करणारा, भट्ट्यांची रचना सुधारणारा एरफुर्टच्या टोफ कंपनीचा इंजिनिअर. आणि इकडे ओटावात फ्रेडरिक ब्लेअर. हा १९३६ ते १९४३ कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा प्रमुख होता. एबेला आणि ट्रोपर यांच्या ‘नन इज टू मेनी’ या पुस्तकात त्याच्या फायलींची कथा आहे. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत कॅनडाने पाच हजारांहून कमी ज्यूंना आत घेतलं. १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ बोट ९०० हून अधिक निर्वासितांना घेऊन क्यूबा आणि अमेरिकेच्या दारातून परत फिरली. काही नामवंत कॅनेडियन नागरिकांनी रदबदली केली, पण सरकार हललं नाही. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे संहारात मेले. ब्लेअरने कुणाला मारलं नाही. तो नियमावर बोट ठेवत होता.

हा नियम आपल्या ओळखीचा आहे. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभी होती. सलग प्रवास करून आलात तरच प्रवेश, असा तेव्हाचा नियम. आणि भारतातून थेट येणारी बोटच नव्हती. बोट परत पाठवली, बजबज इथे गोळीबार झाला, माणसं मेली. पहिल्या बोटीबद्दल पंतप्रधान ट्रुडोंनी २०१८ मध्ये माफी मागितली, दुसरीबद्दल २०१६ मध्ये. दोन्ही घटना मी एकसारख्या मानत नाही. पण दार लावणारा हात एकाच प्रकारचा होता. ते दार आपल्यासाठी नीट उघडलं १९६७ च्या पॉइंट सिस्टिमने. व्रबा कॅनडात आला तेही १९६७ मध्येच.

आता थोडं अवघड बोलते. एली विझेलचं ‘नाइट’ वाचून मी रडले, आणि रडल्याचं मला थोडं समाधानही वाटलं. कारण त्यात माझा काही दोष नव्हता. आमच्या घरी दया पवारांचं ‘बलुतं’ आलं होतं, मोठ्या भावाने आणलेलं. तेव्हा चर्चा काय झाली? ‘थोडं वाढवून लिहिलंय.’ ‘किती दिवस तेच तेच उगाळायचं?’ विझेलबद्दल हे वाक्य बोलायला आपली जीभ धजणार नाही. दूरची साक्ष आपण हात जोडून ऐकतो आणि जवळच्या साक्षीची उलटतपासणी करतो. दोन अत्याचार सारखे आहेत असं मी म्हणत नाही. ऐकणारे आपण मात्र तेच आहोत.

आणि गेल्या दिवाळीतली गोष्ट. एका घरी पॉटलक होतं. भारतातल्या गोंधळावर बोलता बोलता एक काका म्हणाले, ‘आपल्याकडे पाच वर्षं हिटलरच पाहिजे.’ सगळे हसले. मी एवढं वाचलेली बाई, मी श्रीखंड वाढत राहिले. कारण हे काका वाईट नाहीत. आम्ही या देशात उतरलो त्या रात्री विमानतळावर तेच घ्यायला आले होते. त्यांच्याच बेसमेंटमध्ये आम्ही तीन आठवडे राहिलो. पण ब्राउनिंगच्या १९९२ च्या पुस्तकात ज्या राखीव पोलिसांनी पोलंडमधल्या युझेफुव गावात एका दिवसात सुमारे पंधराशे ज्यू मारले, तेही हॅम्बुर्गचे संसारी, मध्यमवयीन लोकच होते. ज्याला जमणार नाही त्याने बाजूला व्हावं, अशी मुभा त्यांना कमांडरने दिली होती. लगेच पुढे आले ते डझनभर.

माझं गप्प राहणं मला अजून टोचतं. त्या वेळी आकडे सांगून उपयोग झाला नसता. आता सुचतंय ते असं, की त्यांना शांतपणे विचारायला हवं होतं: ‘काका, हिटलर आला तर त्याच्याकडे तुमचं काम काय असेल? तुम्ही अकाउंटंट, मी नोंदी तपासणारी, हा इंजिनिअर. आपल्याला तर तो पहिल्यांदा बोलावेल.’

एक सुचवते आणि थांबते. युद्धानंतर कॅनडात आलेल्या वाचलेल्यांची आत्मकथनं अझरिएली फाउंडेशन प्रसिद्ध करतं, शाळांना आणि लायब्रऱ्यांना फुकट देतं. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने त्यातलं एक आणि मराठीतलं एक दलित आत्मकथन वाचावं. परीक्षण लिहू नका. दोन्हींतून ज्यांना कुणी पुस्तक लिहून ठेवायला उरलं नाही, अशा एकेका माणसाचं नाव घेऊन या. बैठकीची सुरुवात ती नावं वाचून करू.

काकांनाही मी बोलावणार आहे. प्रश्न तेव्हा विचारीन.