शाश्वत विकास आणि आपली दिंडी
(शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी चौथी शिकलेला माणूस आणि विषय दिलाय जगाचा. तो कसा निघाला ते आधी सांगतो. एकादशीचं भजन आटोपलं आणि माझी नात शाळेतला एक तक्ता घेऊन देवळात आली. तक्त्यावर सतरा रंगीत चौकोन. म्हणाली, "आजोबा, ही जगाची ध्येयं. २०१५ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी मान्य केली. २०३० पर्यंत पुरी करायची." मग तिनं एकेक वाचलं. गरिबी नको, उपासमार नको, सगळ्यांना औषधपाणी, शाळा, बाईमाणसाला बरोबरीचा मान, स्वच्छ पाणी, संडास, हाताला काम, पाण्यातले जीव, जमिनीवरचे जीव, न्याय. वर नाव लिहिलेलं, शाश्वत विकास.

नावावरच अडलं. आमचे एक जुने टाळकरी, ऐंशीच्या पुढचे, म्हणाले, "बुवा, शाश्वत तर एक पांडुरंग. बाकी सगळं नाशवंत, असं तुम्हीच कीर्तनात सांगता. मग विकास शाश्वत कसा?" मी गप्प. उत्तर पोरीनं दिलं, "आज आपण वापरायचं, पण पुढच्यांना उरलं पाहिजे." म्हातारा हसला. "म्हणजे बियाणं खायचं नाय. असं सांग की!"

आता मला जे कळलं ते सांगतो. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांना खारजमीन आठवत असेल. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध. बांधाला उघाडी. ओहोटीला ती उघडायची, पावसाचं पाणी बाहेर जायचं, भरतीला मिटायची. पावसानं मीठ धुतलं की भात लावायचा. त्या बांधाची राखण कुणा एकाची नव्हती. घरटी माणूस चिखल टाकायला जायचा, मग त्याचं शेत बांधाला लागून असो की गावाच्या कडेला असो. कारण खेकड्यानं एक बीळ पाडलं, तिकडं दुर्लक्ष झालं आणि उधाणाच्या भरतीला खांड पडली, तर एकाचं शेत बुडत नाही, सगळ्यांचं बुडतं. आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं जमीन धड पिकत नाही.

तक्त्यावर चौकोन सुटे सुटे काढलेत. माझं म्हणणं, तो एकच बांध आहे.

आपल्याच भागाचं बघा. १९७० साली इथं नवं शहर वसवायचं ठरलं. ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यात आली. मुंबईत माणूस मावत नव्हता, घरं हवी होती, ते काही खोटं नव्हतं. रस्ते झाले, रेल्वे आली, नळ आले, कॉलेजं आली, आपली पोरं शिकली. नववा आणि अकरावा चौकोन भरला म्हणा. पण दहावा आहे विषमता कमी करायचा आणि सोळावा न्यायाचा. तिथं खांड पडली. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईचा लढा झाला, गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटील साहेबांच्या पाठीमागं माणसं उभी राहिली म्हणून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण पुढं आलं. ते तक्त्यातून आलेलं नाही, तेव्हा तक्ता नव्हताच. मग विमानतळ. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली, आणि २०२५ च्या डिसेंबरात विमानं उडाली.

हे मी देवळात बोललो तर एक तरुण पखवाजी उठला. "बुवा, आठवा चौकोन कामधंद्याचा आहे. विमानतळावर आम्हाला काम मिळालं तर नको म्हणू?" त्याचं बरोबर आहे. खारजमिनीचं कौतुक सांगणारे आम्ही, पण गुडघाभर चिखलात त्याला कोण पाठवणार? मी स्वतःच्या पोराला पाठवलं नाही. काम घ्यावंच. पण तिवरं तोडून खाडी भरली तर मासळी कुठं वाढायची आणि कोळणीच्या पाटीत काय यायचं, हेही त्याच बैठकीत विचारावं.

आणखी एक. या ठरावाला कायद्याची सक्ती नाही. प्रत्येक देश आपला हिशेब आपणच सांगतो. म्हणजे झाला संकल्प, आपल्या माळेसारखा. माळकऱ्याच्या मागं पोलीस नसतो. फरक एवढाच, माळकरी उपास स्वतः करतो. इथं संकल्प एकाचा आणि उपास दुसऱ्याला, असं पुष्कळदा होतं. म्हणून त्याच ठरावात एक वचन दिलंय, कुणालाही मागं सोडायचं नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दिवे घाटात म्हातारी खाली बसली की तिची पिशवी दुसरी बाई उचलते.

पण माउली, दुसऱ्याचं झालं, आता आपलं. फलटणच्या पुढं एका मुक्कामी आपण रात्री जेवलो, मी कीर्तन केलं, झाडांवरचा तुकोबांचा अभंग सोडवला. सकाळी निघताना रानाचा मालक आला. हात जोडूनच बोलला, "माउली, तुमी आलात, भाग्य माझं. पण ही पत्रावळी-ग्लास मी आता म्हैनाभर येचत बसू का? गाय खाती वो." मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती आपल्या पंगतीत होती.

म्हणून शताब्दीचा ठराव मांडलाय, प्रत्येकानं आपलं स्टीलचं ताट आणि पेला बरोबर न्यायचा. त्यावर तीन बैठका झाल्या आणि भांडणंही झाली. बायका म्हणाल्या, ओझं आम्हालाच आणि धुणंही आम्हालाच. बरोबर आहे, म्हणून ज्याचं ताट त्यानं धुवायचं, बुवानंसुद्धा. टँकरचं पाणी पुरेल का, तर तीन बादल्यांत विसळायचं ठरलं. एक अडचण मात्र सुटलेली नाही. वाटेत अन्नदाता हौसेनं प्लॅस्टिकच्या ताटात वाढतो, त्याला नाही कसं म्हणायचं? विणेकरी म्हणतात, नम्रपणे आपलं ताट पुढं करायचं. चोपदार म्हणतात, त्याचं मन मोडेल. मला दोघांचंही पटतं. पुढच्या एकादशीला पुन्हा बसू, तेव्हा ज्यांना वाटेत असा अनुभव आलाय त्यांनी जरूर यावं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!