‘माझं लिहिलेलं कुणी काढलं?’

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, म्हणजे इथल्या काहींपेक्षा वयानं मोठाच. लिहायला परवानगी कुणाची लागत नाही. पण नवीन माणूस चार दिवसांत हमखास विचारतो, ‘माझं लिहिलेलं कुणी काढलं?’

माझंही काढलेलं. आमच्या गावाच्या लेखात मी लिहिलं होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला गावात चूल पेटली नाही. आजोबांनी सांगितलेलं. दोन दिवसांत गायब! म्हटलं, इथंही राजकारण. मग पानाचा ‘इतिहास’ उघडला, तर कारण सरळ लिहिलेलं: संदर्भ नाही.

आजोबा खोटं बोलत नव्हते. पण तिथं आठवण चालत नाही, प्रसिद्ध झालेलं आणि कुणालाही तपासता येईल असं लागतं. समोरच्या कानडी संपादकालाही हाच नियम, हे विसरू नका. वाद घालायचा तो चर्चापानावर, पुरावा घेऊन. तेच वाक्य पुन्हा पुन्हा चिकटवलंत तर खातं ब्लॉक होतं.

‘बेळगाव’ की ‘बेळगावी’? सरकारी नाव २०१४ ला बदललं. लेखात दोन्ही येऊ देत, कोणतं कधीपासून ते सांगून.

मी सध्या वाचनालयात १९५६ च्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतेय. बातमी सापडली की आजोबांचं वाक्य परत टाकणार.